फोटो मोठे छापून घ्या

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

सोबत इथल्या, आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या उद्रेकाचे विमानातून काढलेले फोटो पाठवतेय. ते मोठ्या आकारात छापून घ्या, फोनवर पाहू नका. फोनवर लाव्हाची नुसती लाल रेघ दिसते आणि मग आईला तेवढी आगच दिसत राहते.

आई, तुझ्या काळजीचं आधी सांगते. उडताना वारा जिकडून येतो त्याच बाजूला आम्ही राहतो, कारण लाव्हापेक्षा वायूची भीती जास्त. सल्फर डायऑक्साइडची निळसर धूसर झाक दिसली की वैमानिक विमान वळवतोच. बाबांनी इंजिनात राख जाण्याचं विचारलं होतं, ते बरोबरच आहे. १९८२ मध्ये जावातल्या गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या एका जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. ही राख म्हणजे खडकाचा आणि काचेचा चुरा. जेट इंजिनात ती वितळते आणि आतल्या पात्यांवर थापली जाते. २०१० मध्ये इथल्याच एका ज्वालामुखीमुळे युरोपची विमानं जमिनीवर बसली, ती याच भीतीने. पण तिथे शिलारस हिमनदीखालून वर आला होता, बर्फाच्या पाण्याशी गाठ पडून फुटला आणि त्याची राख झाली. आम्ही उडतो त्या रेक्यानेस द्वीपकल्पावर जमिनीला भेग पडते आणि लाव्हा वाहत बाहेर येतो. राख फार कमी असते.

आता फोटो. हे नोव्हेंबर २०२४ च्या उद्रेकाचे आहेत. पहिल्यात काळ्या पसाऱ्यातून नारंगी वाटा फुटताना दिसतात. काळा दिसतो तो भागही ताजाच आहे, वर नुसती साय धरलीय. लाव्हा नीट यावा म्हणून प्रकाश कमी घेतला की भोवतालचा खडक ठार काळा होतो, आणि खडक दाखवायला गेलं की लाव्हा पांढराफटक. शिवाय नोव्हेंबरात इथे सूर्य जेमतेम क्षितिजावर येतो, त्यामुळे उजेडाचे तास मोजकेच. इंजिनाच्या आवाजात उद्रेकाचा काहीच आवाज येत नाही. विमानातून प्रवाह थांबल्यासारखाच वाटतो. तो किती सरकला हे नंतर दोन फोटो शेजारी ठेवले की कळतं.

दुसऱ्या फोटोत खालच्या बाजूला मातीचा लांब बांध दिसेल. त्याच्या एका अंगाला लाव्हा, दुसऱ्या अंगाला ब्लू लगून या गरम पाण्याच्या पर्यटनस्थळाच्या इमारती. वाहनतळ मात्र लाव्हाखाली गेला. असे बांध ग्रिंडाविकभोवतीही आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गाव एका रात्रीत रिकामं करावं लागलं, सुमारे ३८०० माणसं. पुढे जानेवारीत भेग बांधाच्या आतच उघडली आणि घरं जळाली. म्हणून लाव्हा कुठे साचतोय, बांधाच्या माथ्यापासून किती खाली आहे, हे रोज कुणीतरी वरून पाहायला हवं. जमिनीवरून समोरची काळी भिंत दिसते, तिच्यामागे काय चाललंय ते दिसत नाही. मला हे काम इतकं मोलाचं वाटतं ते यासाठी. फोटो सुंदर आला तर आनंद होतोच, पण बांध कुठे उंच करायचा हे ठरवायला तो उपयोगी पडला तर त्याहून जास्त.

बाबा, पद्धत तुमच्या ओळखीची आहे. विमानाच्या तळाच्या झरोक्यातून कॅमेरा सरळ खाली पाहतो आणि प्रत्येक फोटो पुढच्याला निदान ६० टक्के झाकतो. त्यावरून संगणक नवी उंची काढतो, त्यातून जुनी वजा केली की लाव्हाचं घनफळ. २०२१ मध्ये याच द्वीपकल्पावरच्या फाग्रादाल्सफ्यात्ल ज्वालामुखीतून सहा महिन्यांत सुमारे १५ कोटी घनमीटर लाव्हा आला आणि पावणेपाच चौरस किलोमीटरांच्या आसपास पसरला. भागाकार करून पाहा: सरासरी ३० मीटरांहून जाड थर! तुम्ही आयुष्यभर भिंगाखाली हवाई फोटो पाहून नकाशे केलेत. पण तुमच्या डोंगरांची उंची दोन दिवसांत बदलत नव्हती. इथे सकाळचा नकाशा संध्याकाळी जुना होतो.

पाकिटात शेवटचे दोन फोटो एकसारखे वाटतील. तशीच जोडी मुद्दाम निवडलीय. तुमचा स्टिरिओस्कोप, म्हणजे जोडीच्या फोटोंतून उंचसखलपणा दाखवणारं ते दोन भिंगांचं यंत्र, कपाटातून काढा, भिंगं पुसा आणि जोडी नीट लावा. भेगेच्या दोन्ही काठांवर साचलेले उंचवटे कागदातून वर येतील. आईला आधी बघू द्या, आणि ती काय म्हणाली ते मला रविवारी फोनवर सांगा.

तुमची लेक