कुर्ब्स्कीच्या मुलाबद्दल

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, हिंमत असावी तर आंद्रेई कुर्ब्स्कीसारखी." तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

हिंमत होतीच. सोळाव्या शतकातल्या रशियातला, यारोस्लाव्हलच्या राजकुळातला हा सरदार, 1552 साली काझानच्या लढाईत जबर जखमी झालेला, रशियाचा झार म्हणजे सम्राट चौथा ईव्हान, त्याच्या आतल्या गोटातला. पुढे झारचं मन फिरलं. झारचे जवळचे सल्लागार, अदाशेव गेला, सिल्वेस्टर दूर झाला, बड्याबड्या बोयारांचे, म्हणजे सरदारांचे, जीव जाऊ लागले. 1564 च्या एप्रिलमध्ये कुर्ब्स्की यूर्येवच्या ठाण्यावरून रातोरात लिथुआनियाच्या राज्यात पळाला आणि तिथल्या व्होल्मार गावाहून त्याने झारला पत्र धाडलं. तुझ्यासाठी लढलेल्या वीरांना तू का मारलंस, असा सरळ जाब. हे आसवांनी भिजलेलं पत्र मी माझ्यासोबत शवपेटीत ठेवायला सांगेन, असंही त्यात लिहिलंय. तुला ते आवडलं यात नवल नाही, मलाही आवडतं.

पण त्याच पत्रात एक ओळ आहे, तिथे मी दर वेळी अडतो. तो म्हणतो, तुझ्या चाकरीत दूरदूरच्या ठाण्यांवर राहिलो, जन्मदात्यांचं तोंड फारसं पाहिलं नाही, बायकोचा सहवास नाही. आणि हे लिहिणारा माणूस आई, बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा मागे ठेवून आला होता. वाटेतल्या एका किल्ल्यात त्याला लुटलं, तेव्हा जवळ परदेशी नाणी शेकड्यांनी होती, मॉस्कोचे रूबल फक्त 44.

तू नऊ वर्षांची असताना माझी बदली झाली होती, आठवतं? शनिवारी शेवटच्या एसटीने यायचो. तू उंबऱ्याशी बसल्या बसल्या झोपलेली असायचीस. त्या मुलाचा विचार आला की मला तो उंबरा दिसतो.

राहिला असता तर त्याचंही डोकं गेलं असतं, हे मान्य. पळाला म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण त्याच वर्षी तो पोलोत्स्कला आपल्याच लोकांवर चालून गेला. पोलंड-लिथुआनियाचा राजा सिगिस्मुंड याने त्याला कोवेलची जहागीर दिली. तिथे पुन्हा लग्नं केली, मुलं झाली, उतारवयात लॅटिन शिकला, ईव्हानच्या जुलमाचा इतिहास लिहिला. 1583 साली तिकडेच वारला. आई, बायको आणि एकुलता मुलगा झारच्या कोठडीत संपले, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

ईव्हानचं उत्तर कितीतरी पट लांब, शिव्याशापांनी भरलेलं. मात्र कुर्ब्स्कीचा एक चाकर झारच्या हाती सापडून मारला गेला होता, त्याच्याबद्दल एका जागी ईव्हान म्हणतो, तुझा चाकर वासिली शिबानोव्ह, त्याची तरी लाज धर. मरणाच्या दारात, माझ्यासमोर आणि सगळ्या लोकांसमोर उभा राहूनही त्याने तुला नाकारलं नाही. वाक्य जुलमी माणसाचं आहे, पण मला ते खोडून काढता येत नाही. हिंमतीचं म्हणशील तर माझ्या मनात आधी शिबानोव्ह येतो.

दिवाळीला येशील तेव्हा तुझं रशियन पुस्तक घेऊन ये. जन्मदात्यांची ती ओळ मूळ भाषेत मोठ्याने वाचून दाखव. मला ऐकायची आहे.

तुझा,
बाबा