१९७१ च्या दौऱ्याचा आपला दप्तरखाना खुला व्हावा

महोदय,

१६ डिसेंबर जवळ आला की ढाक्यातील पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीचे छायाचित्र आणि सेनादलांच्या पराक्रमाच्या आठवणी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतात, आणि ते सर्वथा उचितच आहे. परंतु युद्धाला तोंड फुटण्यापूर्वी अवघे वीस दिवस आधी संपलेला पंतप्रधान इंदिरा गांधी यांचा परदेश दौरा मात्र एखाद्या वाक्यात उरकला जातो, याची खंत वाटते.

२४ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर १९७१ या काळात त्या बेल्जियम, ऑस्ट्रिया, ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या देशांत गेल्या. पूर्व बंगालमधून (तेव्हाचे पूर्व पाकिस्तान, आजचा बांगलादेश) आलेल्या निर्वासितांची संख्या तेव्हा कोटीच्या घरात पोचली होती, तेथील स्वातंत्र्यसैनिकांच्या मुक्तिवाहिनीचा लढा चालू होता आणि सीमेवर सैन्ये समोरासमोर उभी होती. अशा वेळी सरकारच्या प्रमुखाने तीन आठवडे देशाबाहेर राहणे हा मोठा धोका होता, आणि तो विचारपूर्वक पत्करलेला होता, असे माझे स्पष्ट मत आहे. लष्करी कारवाईची वेळ आलीच, तर तत्पूर्वी सर्व दरवाजे ठोठावून झाले होते हे जगाला दिसणे आवश्यक होते.

परतल्यावर १५ नोव्हेंबरला त्यांनी संसदेत निवेदन केले. आपले प्रश्न इतर देश सोडवतील यावर विसंबून राहता येणार नाही, असा त्याचा आशय होता. योगायोगाने त्याच दिवसापासून टपालावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. यशवंतराव चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते. राजधान्यांतील वाटाघाटींचे फलित काय, हे संसदेला ज्या दिवशी कळले, त्याच दिवशी त्या संकटाचा भार सामान्य माणसाच्या पत्रापर्यंत आला, ही गोष्ट आज फारच थोड्यांना ठाऊक असेल.

वॉशिंग्टनमध्ये ४ व ५ नोव्हेंबरला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांच्याशी झालेल्या भेटींबद्दल मात्र आपण पुष्कळ बोलतो, कारण अमेरिकेने आपली कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रणे खुली केली. निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी आपल्या पंतप्रधानांविषयी खासगीत कोणती अपमानास्पद भाषा वापरली, हे २००५ मध्ये साऱ्या जगाला समजले. पण प्रत्येक मुक्कामावरून दिल्लीला काय कळवले जात होते, दिल्लीहून सीमेची कोणती खबर जात होती, कोणता निर्णय परतेपर्यंत राखून ठेवला गेला, यांबाबत सामान्य वाचकाच्या हाती सलग असे काही येत नाही. परिणामी आपल्याच इतिहासातील एक महत्त्वाचे पर्व आपण परक्यांच्या कानांनी ऐकतो. दिल्लीतील तीन मूर्ती येथील ग्रंथालयात इंदिरा गांधींचे तेव्हाचे निकटचे सल्लागार पी. एन. हक्सर यांची कागदपत्रे जतन केलेली आहेत आणि अभ्यासकांनी त्यांचा उपयोगही केला आहे. तथापि तेवढ्याने भागणारे नाही.

परराष्ट्र मंत्रालयाने त्या काळात बांगलादेशविषयक दस्तऐवजांचे दोन खंड प्रसिद्ध केले होते, म्हणजे असे काम सरकारला अशक्य नाही. अर्धशतक उलटून गेलेल्या या दौऱ्यातील तारा, टिपणे आणि भेटींचे वृत्तान्त संपादित करून त्यांचा खंड काढावा आणि तो मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करावा, अशी मागणी आपल्या वृत्तपत्राद्वारे परराष्ट्र मंत्रालयाकडे व महाराष्ट्रातील खासदारांकडे करीत आहे.

– एक वाचक, सातारा