‘एलएलसी काढा’ हा सल्ला इथे लागू नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भाड्यासाठी गाळा किंवा फ्लॅट घेणाऱ्याला मोबाइलवर हल्ली हमखास एक सल्ला मिळतो: स्वतःच्या नावावर घेऊ नका, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढा. हा सल्ला अमेरिकेतला. तिथे एकट्यालाही एलएलसी काढता येते आणि तिचे उत्पन्न सहसा थेट मालकाच्या विवरणपत्रात धरले जाते. आपल्याकडे एलएलसी नाहीच. २००८ च्या कायद्याखालची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, आहे. तिला किमान दोन भागीदार लागतात आणि ती स्वतः कर भरते, पहिल्या रुपयापासून ३० टक्के, वर ४ टक्के उपकर.

सांगलीत विश्रामबागेतल्या गाळ्यांचे वर्षाचे भाडे ८ लाख धरा. घरपट्टी सोडून देऊ. भाड्यावर मिळणारी ३० टक्के ठरावीक वजावट जाऊन ५ लाख ६० हजार उरतात. दुसरे उत्पन्न नसलेल्या मालकाला नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे यावर कर शून्य. तेच गाळे एलएलपीच्या नावावर असले की १ लाख ७४ हजार ७२० रुपये. मालक आधीच ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर मात्र हा फरक राहत नाही.

विकतानाही तेच. घर विकून दुसरे घर घेतल्यावर भांडवली नफ्यावर मिळणारी सूट फक्त व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला आहे. महिलेच्या नावावर घर घेताना मुद्रांक शुल्कात मिळणारी १ टक्का सवलतही एलएलपीत जाते. आणि आधी स्वतःच्या नावावर घेऊन नंतर एलएलपीत घालू म्हणाल, तर खरेदीखतासारखेच मुद्रांक शुल्क पुन्हा, शिवाय भांडवली नफ्याचा प्रश्न.

मग एलएलपी कशाला? जबाबदारी मर्यादित राहते म्हणून. एकल मालकीत गुमास्ता, उद्यम नोंदणी, चालू खाते सगळे काढले तरी देणे मालकाच्या राहत्या घरापर्यंत पोहोचते. पण बँक एलएलपीला कर्ज देताना बहुधा भागीदारांची वैयक्तिक हमी घेते. त्या सहीबरोबर, निदान त्या कर्जापुरते, हे संरक्षण संपते. उरते ते ठेकेदार, ग्राहक, पुरवठादार यांच्या दाव्यांपासूनचे. दोन फ्लॅट भाड्याने देणाऱ्याला त्याची फारशी गरज नाही. प्लॉटिंग किंवा बांधकाम करणाऱ्याला आहे.

आणखी एका ठिकाणी एलएलपी खरोखर उपयोगाची. चौघांनी पैसे घालायचे आणि कागद एकाच्या नावावर करायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. २०१६ च्या दुरुस्तीनंतर असा व्यवहार बेनामी ठरला तर मालमत्ता जप्त होते आणि एक ते सात वर्षे कैद होऊ शकते. मैत्री हा तिथे बचाव नाही. चौघांची नावे खरेदीखतात घाला, नाहीतर एलएलपी करा. करारात वाटा, बाहेर पडणाऱ्याचे मूल्यांकन आणि वारसाला काय मिळणार हे लिहा, आणि नोंदणीपासून ३० दिवसांत तो फॉर्म ३ सोबत दाखल करा. पुढे दरवर्षी ३० मेपर्यंत फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि ३० ऑक्टोबरपर्यंत फॉर्म ८ (हिशेब); एक रुपया भाडे आले नाही तरीही. भागीदारांचे भांडवल २५ लाखांवर गेले की लेखापरीक्षणही सक्तीचे, आणि आजच्या भावात बऱ्याशा फ्लॅटला ते जातेच.

सर्वांत महाग चूक शेतजमिनीची. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि एलएलपी शेतकरी ठरत नाही. तिचे सगळे भागीदार सातबारावाले असले तरी. दलाल ‘नंतर बघू’ म्हणतो, विसार जातो, खरेदीखतही एखादेवेळी होते, आणि सातबाऱ्यावरची फेरफार नोंद मंडळ अधिकाऱ्यांकडे नामंजूर होते. पालिका हद्दीतल्या किंवा आराखड्यात बिगरशेती दाखवलेल्या जमिनीला सवलत आहे. त्यामुळे गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून आधी झोन दाखला (आराखड्यात जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे त्याचा) काढावा. विसार पावती त्यानंतर.

आपला,
एक करसल्लागार, सांगली