मनू, जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नको

चि. मनू,

काल तू मधेच फोन ठेवलास. आई म्हणाली लिहून पाठवा, बोलायला लागलात की तुमचा आवाज चढतो. म्हणून टाइप करतोय. सावकाश वाच, पण शनिवारच्या आत वाच.

आधी हे सांगतो की तुझं निदान मला पटलंय. रिव्हर्स टाकताना खर्रर्र वाजतं, क्लचचं पेडल दोन-तीनदा पंप केलं की गिअर गुमान पडतो, आणि जरा वेळ गेला की परत तेच. क्लच प्लेट गेली असती तर उलटं झालं असतं, गिअर नीट पडला असता पण चढाला नुसतं इंजिन ओरडलं असतं आणि गाडीने ओढ घेतली नसती. पंप केल्यावर सुधारतंय म्हणजे क्लचच्या ऑइल लाइनमधे हवा शिरलीय. त्या गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता पूर्ण क्लच सेट सांगितला आणि तू "आधी एअर काढून बघते" म्हणून गाडी परत आणलीस, हे मी सकाळी चहाच्या टपरीवर दोघांना तरी सांगितलं. काल फोनवर हे म्हणायचं राहून गेलं आणि भलतंच बोलणं झालं.

भलतंच म्हणजे जॅकचं. पण ते मी परत सांगणार आहे. जॅक लावून गाडीखाली जायचं नाही. गाडीबरोबर मिळालेला जॅक स्टेपनी बदलायला असतो, माणसाने खाली झोपायला नसतो.

आता काम. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल पाइपातून खाली गिअरबॉक्सशेजारच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं, तो फोर्क ढकलतो, बेअरिंग सरकतं आणि प्लेट सुटते. ऑइल दबत नाही, हवा दबते, त्यामुळे बुडबुडा असला की पायाचा अर्धा जोर त्याला चेपण्यातच जातो आणि प्लेट धड सुटतही नाही. हे तुला माहितीय. पण हवा आपोआप येत नाही, हे त्या व्हिडिओवाल्यांनी सांगितलं का? आधी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचल, टॉर्च घेऊन पेडलच्या मागे जिथे दांडी फायरवॉलमधे, म्हणजे इंजिनकडच्या पत्र्यात, शिरते तिथे बोट फिरव. ओलं लागलं तर मास्टरचं सील गेलंय. मग खाली स्लेव्हवरची रबरी टोपी जराशी उलटून बघ, आतून ऑइल ओघळलं तर तो गेलाय. यातलं काहीही ओलं असेल तर नुसती एअर काढून भागणार नाही, थोडे दिवस पेडल छान लागेल आणि गणपतीला येताना नेमकं घाटात बसेल. मग सीलचं किट तरी टाक नाहीतर सिलिंडरच नवा घे, पैसे मी देतो, वाद घालू नको.

घाटावरून आठवलं. आपल्या पांढऱ्या गाडीचा क्लच पोफळीत बसला होता तेव्हा तू दुसरीत असशील. आजी मागे, मांडीवर फणस. मी पहिल्यात टाकून तसाच सेल्फ मारला, गाडी उचलली आणि पूर्ण कुंभार्ली त्याच गिअरमधे चढवली, कुठेही न थांबता, आणि आजी रामरक्षा म्हणत होती. हेळवाकला सपाट जागा बघून उभी केली. पेडलला बसायला माणूस नाही, आजीचे गुडघे तसले. तुझे पाय पोचत नव्हते म्हणून तू खाली उकिडवी बसलीस आणि दोन्ही हातांनी पेडल दाबलंस. मी खालून ओरडायचो "दाब", तू ओरडायचीस "दाबलंय", मग मी स्लेव्हवरचं हवा सोडायचं निप्पल ढिलं करायचो. आणि मी "सोड" म्हणेपर्यंत तू एकदासुद्धा सोडलं नाहीस, पाऊस सुरू झाला तरी. तळहातावर त्या रबराच्या आडव्या रेघा उठल्या होत्या, त्या तू चिपळूणच्या मामीला फोनवर सांगत होतीस. त्या दिवशीही गाडी चारी चाकांवर उभी होती, जॅक डिकीतच होता.

तर तसंच कर. इनोव्हा उंच आहे, तू अंगाने बारीक आहेस, सरपटत गेलीस की हात पोचेल. हँडब्रेक ओढ, चाकांना पुढून-मागून दगड लाव, इंजिन बंद आणि सायलेन्सरचा पाइप पूर्ण थंड झालेला, नाहीतर दंड भाजेल. आईचा जुना चष्मा लाव हवं तर पण डोळ्यांवर काहीतरी घाल, कारण निप्पलमधून पिचकारी उडाली की थेट तोंडावर येते. निप्पलला रिंग पानाच लाव, उघड्या तोंडाच्या पान्याने कडा गोल होतात आणि मग ते काढायला रडशील. त्याच्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमधे बुडवलेलं, म्हणजे हवा उलटी आत ओढली जात नाही. वरच्याने पेडल दाबून धरायचं, तू पाव फेरा ढिलं करायचं, बुडबुडे जाऊ द्यायचे, घट्ट करायचं, मगच त्याने सोडायचं. हा क्रम चुकला की सगळं परत पहिल्यापासून. पेडल खालीच चिकटून राहिलं तर घाबरू नको, पायाने वर उचलायला सांग. आणि वरची ऑइलची डबी सारखी बघायची, ती रिकामी झाली की वरूनच हवा शिरते.

ब्रेक-क्लचचं ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलंय त्याच डॉट नंबरचं, आणि नवीन सीलबंद बाटली. माळ्यावर ती गेल्या पावसाळ्यातली अर्धी बाटली आहे ना, ती टाकून दे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, डॉट ४ नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी धरलेलं १५५ च्या आसपाससुद्धा उकळू शकतं. डॉट ५ नाव सारखं दिसतं पण ते सिलिकॉनचं, ते नको. इंजिन ऑइल तर चुकूनसुद्धा नको, रबरं फुगून बसतात. पेंटवर सांडलं तर लगेच पाणी ओत, पुसत बसू नको.

वर पेडलला कोणालातरी बसव, सायलीला किंवा तुझ्या त्या मित्राला, मी काही विचारत नाहीये. एकटीने पण होतं, झाकण सैल करून निप्पल उघडायचं आणि ऑइल आपल्या वजनाने गळू द्यायचं, वेळ लागतो पण हवा निघते. पण मनू, ते एकटीने करू नको. दुसरं माणूस नुसतं पेडल दाबायला नसतं, हाक मारली तर ओ द्यायला असतं.

आणि तू म्हणालीस की बॉटल जॅक आणणार, तो हायड्रॉलिक असतो, स्टेपनीच्या जॅकपेक्षा मजबूत. अगं, तुझं पेडल ज्या रबरी सीलमुळे खाली बसलं असेल तसलंच सील त्या जॅकमधे असतं! पेडल बसलं तर गिअर पडत नाही एवढंच. तुमच्या सोसायटीत पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत, पावसाचं पाणी जावं म्हणून उतार दिलाय, मी बघितलंय. तिथे जॅकचा पाय जरा तिरका बसला की संपलं. आणि खाली विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावून भागवू नको, ते आधी कळवत नाहीत, एकदम फुटतात. तात्यांच्या वेळेला ब्लॉकच होते.

झालं, परत तिथेच आलो. तू चिडशील, चिड. तू मोठी आहेस, तुझी गाडी आहे, तुला पाना धरायला मीच शिकवलं आणि आता मीच धरू देत नाही असं तुला वाटतं, तर तसं नाहीये. पाना धर. माझ्यापेक्षा चांगली करशील, तुझे हात शांत आहेत, माझे आता थरथरतात आणि चष्मा घसरतो. फक्त तुझ्या अंगावर दीड टनाच्या वर लोखंड आहे हे डोळ्यासमोर आलं की मला झोप लागत नाही. आईला पण लागत नाही, ती बोलत नाही एवढंच.

झाल्यावर इंजिन चालू करून क्लच दाब, जरा थांब आणि रिव्हर्स टाक. आवाज न होता पडला तर मला फोन कर. वाजला तरी कर, दुसऱ्या दिवशी परत काढता येते.

हात पोचलाच नाही आणि गाडी उचलावीच लागली तर खालून टेकू द्यायच्या घोड्यांशिवाय उचलायची नाही. आपल्या दोन लोखंडी घोड्या शुक्रवारी देसाईंच्या गाडीतून पाठवतोय, ते रात्री वारज्याला उतरतील, घ्यायला खाली जा, जड आहेत. पिशवीत दहाचा आणि आठचा रिंग पाना आणि नळी पण ठेवलीय. घोड्या सपाट जागेवरच लाव, चासीच्या खाली, आणि आत जायच्या आधी गाडीला बाजूने जोरात हलवून बघ.

मी रविवारी येऊ का? तू नको म्हणालीस तर नाही येणार.

बाबा

ता.क. निघालेलं जुनं ऑइल बाथरूमच्या मोरीत ओतू नको, बाटलीत भरून ठेव, मी आलो की घेऊन जाईन.