‘नटक्रॅकर’ बघताना झाडाच्या पलीकडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला की चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ बॅलेच्या नव्या प्रयोगांची परीक्षणे छापून येतात. त्यातली निम्मी जागा नाताळचे झाड, बर्फ आणि कपडेपटच खातात. हे बॅले नव्याने बसवणाऱ्याची खरी पंचाईत दुसरीच असते : गोष्ट पहिल्या अंकातच संपते. उंदरांशी लढाई होते, नायिकेला, एका लहान मुलीला, भेट मिळालेल्या लाकडी बाहुल्याचा राजपुत्र होतो, आणि दुसऱ्या अंकात मिठाईच्या राज्यात नाचामागून नाच. संगीत नाटकात पदासाठी कथानक खोळंबते, इथे अख्खा अंक खोळंबतो. १८९२ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की रंगमंचावर पहिला प्रयोग झाला तेव्हाही हीच कुरकुर होती. शिवाय मुख्य बॅलेरिना, म्हणजे मिठाईच्या राज्याची परी शुगर प्लम फेअरी, खरी नाचते ती अगदी शेवटाकडे.

यावर तोडगे निघाले. नृत्यदिग्दर्शक वाइनोनेन यांनी १९३४ मध्ये लेनिनग्राडला शेवटचे युगुलनृत्य नायिकेलाच देऊन टाकले. नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिन यांनी १९५४ मध्ये न्यूयॉर्कला नायिका लहान मुलगीच ठेवली, पण फेअरीचे एकल नृत्य दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला आणले. म्हणून नवा प्रयोग बघताना पहिला प्रश्न हा : ते युगुलनृत्य कोण करते, आणि ते तिनेच का करावे हे पहिल्या अंकात पेरले आहे का? पेरले नसेल, तर शेवट सुंदर असूनही उपरा वाटतो.

दुसरी अडचण दुसऱ्या अंकातल्या ‘अरबी’ आणि ‘चिनी’ नाचांची. बोटे वर करून मुंडी हलवणारे चिनी आता खपत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅलेने २०२४ मध्ये ॲरन वॉटकिन आणि एरिएल स्मिथ यांच्याकडून नवे ‘नटक्रॅकर’ करून घेतले. त्यात माणसांची सोंगे काढून खरे पदार्थच नाचवले : इजिप्तचे सहलब, चीनची पाकातली फळे तांगहुलू, युक्रेनचा खसखशीचा रोल, स्पेनचे तुरॉन. मूळ कल्पनाच मिठाईच्या राज्याची, त्यामुळे हा बदल संगीताला बोचत नाही. तसे ‘अरबी’ नाचाच्या मुळाशी जॉर्जियातले अंगाईगीत आहे, त्यामुळे तिथे अस्सल अरबी असे काही गमावण्याचा प्रश्नच नव्हता.

आता थोडे कानाचे. पहिल्या अंकात नाताळचे झाड रंगमंचावरच उंच वाढते, तेव्हाचे संगीत पायरी-पायरीने चढत जाते. झाडाने पूर्ण उंची गाठायची ती नेमकी शिखरावर. बॅलन्शिनच्या प्रयोगात ते १२ फुटांचे ४१ फूट होते. यंत्र मागे राहिले तर वाद्यवृंद थांबू शकत नाही, आणि उरलेले झाड भलत्याच सुरांवर वाढत बसते. युगुलनृत्याच्या आरंभी चेलो नुसते उतरते सप्तक वाजवतात, आपल्या बिलावलचा सरळ अवरोह. तेवढ्या साध्या सुरांवर नर्तकाने उचललेली नर्तिका किती सावकाश खाली उतरते ते बघा. घाईने पाय टेकले की सगळे फसले.

पहिल्या अंकाच्या शेवटी हिमकणांचा वॉल्ट्झ नाच असतो, त्यातला बर्फ म्हणजे आगीला दाद न देणारे कागदाचे कपटे. ते वरच्या, भोके पाडलेल्या कापडी झोळ्या हलवून पाडतात. नर्तिका चवड्यांच्या टोकावर नाचतात त्या पॉइंट शूजचे टोक सॅटिनचे, कागदावर ते सटकते. म्हणून जाणता दिग्दर्शक सुरुवातीला जेमतेम भुरभुर ठेवतो आणि दाट बर्फ वॉल्ट्झच्या शेवटी सोडतो. पहिल्या मिनिटालाच धो-धो पडले तर नर्तिका पावले आखडती घेतात आणि उड्या लहान होतात. कोरड्या बर्फाचे धुके जास्त सोडले तर जमिनीला दव धरते, ते आणखी वाईट. याच वॉल्ट्झमध्ये शब्दांशिवाय गाणारे समूहस्वर आहेत. खर्च वाचवायला बरेच संच ते रेकॉर्डवर लावतात किंवा गाळतात, आणि परीक्षणात त्याचा उल्लेखही नसतो.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एवढेच : हिमकणांच्या रांगा आणि वर्तुळे पहिल्या रांगेतून दिसत नाहीत, दिसतात ती गुडघे आणि टाचा. स्वस्त तिकीट काढायचे तर बाल्कनीच्या मधल्या खुर्च्या घ्याव्यात. कडेच्या खुर्च्यांवरून झाडाची एक बाजू विंगेआड जाते.

– एक वाचक, लंडन