क्युसेक नको, फूट सांगा

महोदय,

जुलै उजाडला की आपल्या दैनिकात रोज एक चौकट येते. राजापूर बंधाऱ्यातून इतके क्युसेक, दूधगंगेतून इतके, कल्लोळजवळ कृष्णेत एकूण इतके. शेजारी पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी: जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड. चौकट आम्ही सगळेच वाचतो. पण लाख क्युसेक म्हणजे आपल्या खालच्या गल्लीत पाणी शिरणार की नाही, हे चिकोडी-निपाणीच्या नदीकाठाला त्यातून कळत नाही. मग पारावर ज्याचा आवाज मोठा, त्याचा अंदाज खरा.

कोल्हापूरकरांचे बघा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. आकडा कानावर पडला की दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायला लागतो. तेच पाणी खाली आपल्याकडे येते, फक्त येताना फुटांचे क्युसेक होतात!

क्युसेक हा वाहत्या पाण्याचा हिशेब, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. धरणावरच्या अभियंत्याला तो लागतोच. लाख क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीहून (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त पाणी जाते. मात्र गावातली पातळी एवढ्यावर ठरत नाही. कृष्णा फुगलेली असली की दूधगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे दाटते, आणि वेदगंगेलाही तुंबवते. त्यामुळे पाऊस उघडला, ऊन पडले, तरी शिवारात पाणी चढतच राहते. २०१९ आणि २०२१ मध्ये यमगर्णीजवळ महामार्गच बंद पडला होता, ते आठवत असेल.

म्हणून मागणी साधी आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावात पुलाच्या खांबावर, शाळेच्या आणि देवळाच्या भिंतीवर फुटांच्या पट्ट्या रंगवाव्यात. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आले होते, तेही वर्ष घालून दाखवावे. ते नेमके सांगणारी माणसे गावोगाव आहेत, पण भिंतींना नवा रंग लागला की खुणा जातात. पट्टी अंदाजाने मारून चालणार नाही. सर्व्हेअरने लेव्हल लावून, सगळ्या गावांसाठी एकच पाया धरून ती आखली पाहिजे. मग प्रत्येक फुटासमोर लिहायचे: कुठली गल्ली, कुठला रस्ता, विजेची कुठली डीपी, पाणीपुरवठ्याची मोटर. पट्टीवरचा आकडा पुराच्या दिवसांत दर दोन-तीन तासांनी वहीत उतरवला आणि कल्लोळच्या विसर्गाशी ताडून पाहिला, तर दोन-चार पावसाळ्यांत गावाचा स्वतःचा तक्ता तयार होतो. याला उपग्रह लागत नाही. रंगाचा डबा आणि वही लिहिणारा एक माणूस पुरे. आपणही क्युसेकशेजारी पातळी फुटांत छापावी.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून सुधारायचा असतो. हा तक्ता त्या आराखड्यात जावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर कन्नड-मराठी दोन्हीत लागावा. सीमाभागात फलक म्हटला की लगेच वाद निघतो. हा एक फलक तरी त्यातून सोडावा. मोबाईलवर सरकारच्या सचेत ॲपचे आपत्तीचे इशारे येतात, ते चांगलेच आहे, पण ते गल्लीपर्यंत पोहोचत नाहीत आणि पुरात वीज आधी जाते.

आणखी एक. लोक वेळेवर घर सोडत नाहीत म्हणून अधिकारी चिडतात. लोक अडून बसतात ते बहुतेक वेळा गोठ्यामुळे. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात, माणसांच्या जेवणाची सोय होते. म्हशी कुठे बांधायच्या, वैरण कोण देणार, हे पाणी दारात आल्यावर ठरते. दुभती म्हैस आणि आठवड्याचे वासरू कंबरभर पाण्यातून कोण नेणार? रस्ता कोरडा असतानाच ती हलली पाहिजेत. तेव्हा तक्त्यात माणसे हलवायच्या पातळीच्या दोन-तीन फूट आधी जनावरांची पातळी लिहावी. पुढे कुठल्या माळावर न्यायचे आणि तिथली वैरण, पाणी, पशुवैद्य यांची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याकडे, हेही मृगाआधी ठरवून त्याच फलकावर लावावे.

— एक वाचक, ता. निपाणी