कुंडईच्या काकांना, चालू मशीन बंद केल्याबद्दल

काका, तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. परवा प्रोजेक्टचा वायवा (तोंडी परीक्षा) झाला आणि आता कदंबाच्या बसमध्ये बसल्या बसल्या हे टाइप करतोय, नाहीतर राहूनच जाईल.

आमचा प्रोजेक्ट तुम्हाला आठवत असेलच, काजूचं बोंडू न चेपता उचलणारा ग्रिपर, अख्खा एका तुकड्यातला, बिजागरी नाही स्प्रिंग नाही स्क्रू नाही, पातळ पट्ट्या वाकतात आणि त्यानेच बोटं मिटतात. ऐकायला भारी. प्रत्यक्षात सात मोडले, सगळे मुळाशी, कोपऱ्यातच. ज्याला दाखवावं तो म्हणे मोडतंय तर जाड कर. आमच्या गाईडनी तर मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, 'पिन घाला, स्प्रिंग लावा, विषय संपवा.' दीड महिना आम्ही जाड करत गेलो आणि ते आणखी लवकर मोडत गेलं.

मग कुणाच्या तरी ओळखीने तुमच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये आलो. मशीनच्या आवाजात मी ओरडून सांगत होतो, तुम्ही हाताने थांब म्हणालात आणि जाऊन मशीन बंद केलंत. मला तेव्हा काहीच वाटलं नाही हो. बाहेर पडताना तुमच्याकडच्या मुलाने सांगितलं की मोल्डिंग मशीन असं मध्येच थांबलं की बॅरलमधलं गरम प्लास्टिक खराब होतं, ते काढून टाकून परत सुरू करावं लागतं. एका अनोळखी पोराचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून! इथे लोक आपल्यासाठी फोन सायलेंट करत नाहीत.

बाकी शिकवलंत ते शॅम्पूच्या झाकणावर. रोज उघडतं, मोडत नाही, कारण पॉलिप्रोपिलीन नावाचं प्लास्टिक आहे आणि वाकतं तिथे पातळ आहे. वाकायचं किती ते ठरलेलंच असेल तर जाडी अर्धी केली की ताण अर्धा, लांबी दुप्पट केली की ताण चौथाई. पुस्तकात हे सूत्र होतं, आम्ही पाठही केलं होतं, डोक्यात मात्र शिरलं नव्हतं. जोर तर जाडीच्या घनाने कमी होतो, म्हणून बोंडूही चेपत नाही. मग पट्टी वाकवून मुळाच्या जरा पुढे बोट ठेवलंत, 'हांगा खिळो आसा अशें समज.' (इथे खिळा आहे असं समज.) नंतर हॉवेल आणि मिधा या संशोधकांचं मॉडेल वाचलं, त्यातही वाकणाऱ्या पट्टीऐवजी टोकापासून 0.85 लांबीवर एक पिन आणि एक स्प्रिंग धरतात. म्हणजे जवळपास तुमचं बोट होतं तिथेच. (गाईडची पिन शेवटी आलीच, पण कागदावर.)

1.6 मिमीची पट्टी 0.8 केली, कोपरे गोल केले, मटेरियल बदललं. आठवा अजून शाबूत आहे.

त्या दिवशी किती मटेरियल वाया गेलं ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही. रविवारी घरची बोंडं घेऊन येतो, ग्रिपरनेच उचलून तुमच्या टेबलावर ठेवीन.